आप्पांच्या कॅबिनीतला आवाज

पूर्णेतल्या आमच्या थोरल्या चुलत्यांचं दुकान मी बिघडवलं नाही. मी फक्त त्याचा नकाशा काढला होता.

बहात्तरचा दुष्काळ सरून एक-दोन पावसाळे झाले होते. ओव्हरसियरचा डिप्लोमा घेऊन मी घरी बसलो होतो. (‘घेऊन’ थोडे दिवस, ‘बसून’ बरेच.) थोरले चुलते म्हणजे आप्पा. त्यांची कापसाची अडत स्टेशनच्या रस्त्याला होती, निजामाच्या काळात करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता त्या दगडी इमारतीत. पुढं लांबलचक हॉल, मागं त्याला लागूनच राहतं घर. हॉलच्या टोकाला आजोबांची गादी. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण आप्पा अजून त्या गादीच्या मधोमध बसत नसत. कडेला बसत, पाहुण्यासारखे.

अशात नांदेडच्या एका व्यापाऱ्याकडं त्यांनी लाकडी कॅबिन आणि फिरती खुर्ची बघितली. घरी येऊन मला म्हणाले, “तू शिकलास ना हे? मग आपल्याला तसलं ऑफिस करून दे.”

मी मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझ्या शिक्षणावर भरवसा ठेवला होता. माझा स्वतःचाही तेवढा नव्हता.

एकच अडचण होती, ती आक्काची. आक्का म्हणजे आप्पांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. रोज दुपारी गादीमागच्या कोपऱ्यात पानाचा डबा घेऊन बसायची आणि बाजार ऐकायची. आप्पांनी तिला सांगून टाकलं, “आक्का, आता हे ऑफिस हाय. बायामाणसांनी इथं बसू नये.”

त्या दिवसापासून आक्कानं आप्पांशी बोलणंच सोडलं. जेवायला वाढताना भिंतीकडं बघून म्हणायची, “तूप पायजे का, इचारा.” दुपारी मात्र घरात दिसेनाशी झाली. मठात जाते, असं सांगायची.

मी मापं घेतली. भिंती हातहातभर जाडीच्या. मी हॉलची लांबी आतून मोजली आणि तिच्यातून भिंतींची जाडी वजा केली. (आतून मोजल्यावर ती वजा करायची नसते, हे मला कॅबिन उभी राहिल्यावर कळलं.) सुतारानं माझ्या नकाशाबरहुकूम रुंदीला हॉलभर पुरेल अशी लाकडी खोली उभी केली. पुढचे खांब फरशीत पक्के बसवले, आणि मग आम्हा दोघांच्या लक्षात आलं की कॅबिनीची मागची फळी आणि दगडी भिंत यांच्यामध्ये एक बोळ उरलाय. खाट मावेल एवढा.

“राहू द्या,” सुतार म्हणाला, “कुणाला दिसायलंय?”

खरंच कुणाला दिसत नव्हतं. घराच्या कोठारातून तिथं उघडणारं एक जुनं दार होतं, पण त्याच्यापुढं कायम पोत्यांची थप्पी असायची. मी कुणालाच सांगितलं नाही. गादी तेवढी कोठारात टाकली आणि आप्पांना फिरत्या खुर्चीवर बसवलं. आप्पांनी एक गिरकी घेतली, घेरी आली म्हणून डोळे मिटले आणि तसेच “झ्याक” म्हणाले.

चार दिवस बरे गेले. मग एका दुपारी मुनीम खाजामियाँ कॅबिनीतून उठून बाहेर आले आणि पाणी न पिता पेला हातात धरून उभे राहिले.

“आप्पा कुठं गेले?”

“बाजारात. का?”

“मग आत उसासा कुणी टाकला?”

आम्ही आत गेलो. खुर्ची रिकामी. पंखा बंद. बाहेर उन्हानं रस्ता ओस पडलेला. आणि त्या शांततेत, अगदी कानाजवळ, आवाज आला. कट्ट. थोडं थांबून पुन्हा, कट्ट.

खाजामियाँचा चेहरा उतरला. “हा बडे आप्पांचा अडकित्ता आहे,” ते हळूच म्हणाले. “उमर गेली माझी हा आवाज ऐकण्यात.”

बडे आप्पा म्हणजे आमचे आजोबा.

त्यानंतर दुपार झाली की कॅबिनीत कुणी ना कुणी असे. दिसत नसे एवढंच. कधी लांब श्वास, कधी खाकरणं, कधी कात-ओव्याचा वास. जंक्शनवर इंजिन शिट्टी मारायचं, कॅबिनीच्या काचा थरथरायच्या, आणि त्या थांबल्या तरी मागची फळी थोडा वेळ थरथरतच राहायची. बाकीचे घाबरत होते, कारण आवाज कुठून येतो हे त्यांना माहीत नव्हतं. मी जास्त घाबरलो होतो, कारण मला माहीत होतं. फळीमागं रिकामी जागा होती, तिथं कुणी नव्हतं, आणि तिथूनच आवाज येत होता.

मग एक शेतकरी आला. आप्पांची वाट बघत कॅबिनीत बसला. कंटाळून उठायला लागला तेवढ्यात फळीतून खर्जातला आवाज आला, “बस गुमान. हललास तर टांग मोडीन.”

तो बसला. बराच वेळ हललाच नाही. मग जो उठला तो चपला तिथंच ठेवून अनवाणी स्टेशनपर्यंत गेला. दुसऱ्या दिवसापासून बैलगाड्या आमच्या दारावरून सरळ पुढच्या अडतीवर जायला लागल्या. आप्पांचं जेवण तुटलं. अर्धी भाकर ठेवून उठायचे. एके दुपारी त्यांनी मला हाक मारली.

“चल आत.”

“मी कामून?”

“तू बांधलंस. तू चल.”

कॅबिनीत जाऊन आप्पा मागच्या फळीसमोर हात जोडून उभे राहिले. मी त्यांच्या मागं. (दाराच्या जवळ.) आत कट्ट कट्ट चालू होतं.

“चुकलं माझं,” आप्पा म्हणाले. “गादी हलवली. न इचारता हलवली.”

अडकित्ता थांबला. फळी बोलली, “आता कळलं का?”

“कळलं.”

“मग तोंड उचलून सांगायला एवढे दिस लागले?”

“भ्या वाटायलं होतं.”

“लहानपणापासून तसलाच हायस तू.”

आप्पांनी मान खाली घातली. “काय पायजे तुमाला? शांत करावी का?”

“शांत कशाची? गादी पुन्ना घाल म्हंजे झालं.” मग आवाज एकदम मऊ झाला. “आन् अर्धी भाकर ठेवून उठू नको. आंगाला लागंल का असं?”

त्या वाक्यानं आप्पांचा धीर सुटला. ते ढसाढसा रडले आणि आधारासाठी त्यांनी फळीवर हात टेकले. फळी माझ्या देखरेखीखाली ठोकलेली होती. ती खिळ्यांसकट एका बाजूनं सुटली आणि आप्पा पलीकडं गेले.

धूळ खाली बसल्यावर मी डोकावलो. बोळात आजोबांची गादी पसरलेली. गादीवर आक्का, हातात आजोबांचा अडकित्ता, तिच्या एका मांडीवर बोका, दुसऱ्या मांडीवर आप्पांचं डोकं.

“हळू की,” आक्का म्हणाली. “चुना सांडंल.”

“आक्के,” आप्पा तसेच पडून म्हणाले, “तू कवापासून हायस इथं?”

“ऑफिस झाल्यापासून. पोती सरकवली, बसले. ह्या बोक्याला बस बस म्हणून घसा गेला, पण तसा आराम लय हाय.”

“लोकं पळून जायलेत, ते ऐकू येत न्हवतं का?”

“येत होतं. मला वाटलं धंदा वाढला.”

आप्पा हसले की रडले ते मला कळलं नाही, कारण मी पाणी आणायला निघालो होतो आणि वाटेत खाजामियाँ आडवे पडले होते.

आठवड्यात कॅबिन निघाली. गादी पुन्हा हॉलमध्ये आली. आप्पा मधोमध बसले आणि कोपऱ्यात आक्का. गाड्याही परत आल्या, कारण भूत निघालं यापेक्षा आप्पांची बहीण निघाली हीच बातमी लोकांना जास्त आवडली. माझा नकाशा आप्पांनी घडी करून मला परत दिला. ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

थोड्या दिवसांनी वालूरचा एक व्यापारी मला शोधत घरी आला. म्हणाला, “आमच्या दुकानात रिकामटेकडे लय बसायलेत. उठता उठत न्हाईत. आप्पाला करून दिलं तसलं ऑफिस आमाला द्या की करून.”

माझं नाव ऐकून आलेलं ते पहिलंच काम. मी जीव ओतला. आणि नेमकी त्याच वेळी माझी मापं बरोबर आली, मागं बोळच उरला नाही. कॅबिनीत वारं इतकं छान खेळायला लागलं की रिकामटेकड्यांची संख्या दुप्पट झाली.