वड्यांचा डबा

आमच्या सोसायटीच्या चेअरमनना मी मुंगळ्यांनी भरलेला डबा खायला दिला, हे साफ खोटं आहे. दिला आईने. मी फक्त भरून आणला होता.

झालं काय, मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगखाली पप्पांनी गावाहून आणून लावलेलं आंब्याचं कलम आहे. यंदा पहिल्यांदाच मोहोर आला आणि पाठोपाठ अळ्या! मोहोर खायच्या आणि टपकायच्या कुठे? चेअरमन सावंत काकांच्या गाडीवर! काका भडकले. "रविवारी झाड तोडतो!" पप्पांनी जेवण सोडलं. (म्हणजे भात. बांगडा खाल्ला.)

मी मोबाइलवर शोधलं. उपाय एकदम झकास! हुमले, म्हणजे पानं शिवून घर करणारे ते लाल मुंगळे, झाडावर असले की अळ्यांचा फडशा पाडतात. बदल्यात झाड त्यांना राहायला जागा देतं, भाडं नाही, डिपॉझिट नाही. भांडुपच्या काकूकडे पेरूवर त्यांचं घरटं होतंच. ते मी आईच्या स्टीलच्या डब्यात कोंबलं.

"चावतत गो ते," काकू म्हणाली. "डबो वाटेत उघडू नको हां!"

वाटेत नाहीच उघडला! पण घरी येते तर हॉलमध्ये सावंत काका, आणि पप्पा त्यांच्यापुढे गयावया करतायत. मी डबा ओट्यावर ठेवला आणि चावलेला हात धुवायला पळाले. (माझी चूक एवढीच. खरंच एवढीच!)

कारण काकूकडून आमचा डबा कधीच रिकामा येत नाही. नारळाच्या वड्या असतातच.

"घ्या भावजी, आमच्या जाऊबाईंच्या वड्या," बाहेरून आईचा आवाज. "आधी तोंड गोड करा, झाडाचं मग बघू."

मी बाथरूममधून ओरडले, "आई, उघडू नकोस!"

"गप गं! पाहुण्यांसमोर कसला हावरटपणा!"

टक्. झाकण उघडलं.

मग काका सोफ्यावर, काका टीपॉयवर, काका आमच्या पडद्याला लटकलेले! "अगं आई गं! वड्या चावतायत!" पप्पांनी घाबरून डबा खिडकीबाहेर भिरकावला. आम्ही पहिल्या मजल्यावर. डबा थेट कलमात जाऊन अडकला!

रविवारी झाड तोडणारा कोयता घेऊन चढला, आणि चढला त्याच्या दुप्पट स्पीडने उतरला. "साहेब, आपल्याच्यानं नाय होणार!" अळ्याही हळूहळू गायब. गाडी चकाचक झाल्यावर काका स्वतःच म्हणाले, "राहू दे झाड."

आता कलमाला आंबेच आंबे लागलेत! पप्पा खाली उभे राहून नुसते बघतात. आई तिचा डबा मागते. म्हणून काल मी चढले. अर्ध्यापर्यंत. धडपडत खाली आले तेव्हा गॅलरीत सावंत काका टाळ्या वाजवत होते.

हुमल्यांचं काम चोख आहे यार. मोहोर खाणारी अळी काय, आंबे खाणारी मी काय, त्यांना दोघी सेम!