सव्वा तासाची सिगार

फोर्टातल्या साहेबांच्या क्लबात सहदेव लवू घाडी सत्तावीस वर्षं बेरर होता. या सत्तावीस वर्षांत त्याने निदान वीस हजार सिगारी पेटवल्या आणि ओढली मात्र एकही नाही. कांदिवलीच्या त्याच्या बैठ्या चाळीत हे कुणाला खरंच वाटत नसे. हलवायाकडे राबून पेढा न चाखलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

त्यांना काय कळणार म्हणा. सिगार पेटवणं म्हणजे विडीला काडी लावणं नव्हे. सहदेव सिगार आधी कानाशी धरून दोन बोटांत हलकेच फिरवी. करकरली तर वाळलेली. मग टोक कापायचं, तेही असं की वरचं पान उसवता कामा नये. गंधकाच्या काडीला तर त्याच्या राज्यात बंदीच होती. सिगारच्या पेटीतच सुवासिक लाकडाची पातळ पट्टी येई, ती पेटवायची आणि ज्योत न लावता नुसत्या उबेवर सिगारचं तोंड गोल फिरवून लाल करायचं. साहेबाने फक्त ओठांत धरून ओढायचं. मग सहदेव डावा हात पाठीशी घेऊन दोन पावलं मागे उभा राही आणि राख बोटभर झाली की ती पडायच्या आत खाली रक्षापात्र धरी. गालिच्यावर त्याच्या हातून राख सांडली ती एकदाच, बेचाळीस सालच्या ऑगस्टात, आणि त्याचं दुःख त्याला अजून होतं.

उभ्या उभ्या साहेबांचं बोलणं कानावर पडे. एक म्हणे, आता मध लागतोय. दुसरा म्हणे, आता मिरी आली. तिसऱ्याला ओल्या लाकडाचा वास येई. सहदेवचं ठाम मत होतं की हे लोक थापा मारतात. धुराला कसली आलीय चव! पण इतकी माणसं, इतकी वर्षं, एकसारख्याच थापा कशा मारतील, हा किडा त्याच्या डोक्यातून जात नव्हता. इंग्रजी त्याला पुरेसं कळत होतं. चव तेवढी कळत नव्हती.

सत्तावन्न साल उजाडेपर्यंत बरेचसे साहेब मायदेशी गेले. नवे मेंबर सिगारेटी फुंकणारे, त्याही स्वतःच्या हाताने पेटवून. बाहेरच्या चैनीच्या मालावर सरकारने निर्बंध घातले, सिगारचं कपाट रिकामं झालं आणि सहदेवला पत्त्यांच्या खोलीत लिंबाचं सरबत वाटायला लावलं. तेवढ्यात राहिलेला एक म्हातारा साहेबही निघाला. जाताना त्याने लढाईपूर्वीच्या पेटीतली शेवटची सिगार, लाकडाच्या पट्टीसकट, सहदेवच्या हातावर ठेवली. क्यूबाची, वीस वर्षं मुरलेली. सहदेवने ती कानाशी धरली. तिने हूं की चूं केलं नाही. अशी सिगार त्याने उभ्या हयातीत दहा-बारा वेळाच हाताळली होती.

आता ही एकच. दुसरी या जन्मात मिळायची नाही. सव्वा तास खुर्चीत बसून साहेब नेमकं काय चाखत होते ते कळून घ्यायची ही एकच संधी, आणि ती वाया गेली तर मरेपर्यंत हळहळ. पण पहिली अडचण हीच की पेटवायची कुणी? खुर्चीत बसलेल्याने आपली सिगार आपणच पेटवावी, हा नव्या मेंबरांचा गावठीपणा सहदेवला मंजूर नव्हता.

म्हणून त्याने बायकोला शिकवायला घेतलं. शेवंती देवगडकडची. सकाळ-दुपार मिशरी लावणारी. तव्यावर तंबाखू भाजण्यात चाळीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"माका काय चूल पेटवूक येणा नाय?" ती म्हणाली. "सव्वीस वर्षां पेटवतंय."

"चूल नाय गो ती!"

सरावाला शेवग्याची शेंग घेतली. सहा इंच कापायची, अडकित्त्याने टोक उडवायचं, बांबूच्या कामटीवर फिरवायची. महिनाभर रोज एक शेंग होरपळली, आणि शेवंती काही फुकट घालवणारी बाई नव्हे, तेव्हा महिनाभर आमटीला धुराचा वास आला. सिगार तोवर ट्रंकेत, ओल्या फडक्याशेजारी, शेवंतीच्या हिरव्या लुगड्यात गुंडाळून ठेवली होती. ते लुगडं नेसून ती बोरिवलीला एका लग्नाला गेली तर पंगतीतल्या बायका नाक वर करून इकडेतिकडे बघत राहिल्या. एकीने तर, तुमच्या घरात कोणी मिलिटरीत आहे का, असं विचारलं.

दुसरी अडचण खुर्चीची. चाळीत आरामखुर्ची एकच, निवृत्त पोस्टमास्तर अनंतरावांची. त्यांनी दिली, पण खुर्ची नजरेआड करायची नाही म्हणून तिच्यामागोमाग स्वतःही आले आणि सहदेवच्या पडवीत पाटावर बसले.

सोमवार, सहदेवच्या सुट्टीचा दिवस. दुपारचे तीन. सहदेव इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसला. शेवंतीने अडकित्त्याने टोक उडवलं, पान जराही उसवलं नाही. पट्टी पेटवली, तोंड लाल केलं, आणि तेही इतकं गोल की क्लबच्या सेक्रेटरीने पगार वाढवला असता.

"ओढा आता."

सहदेवने ओढली. धूर तोंडात घेतला, सोडला. त्याला काय लागलं? काही नाही. कारण त्याचं सगळं लक्ष राखेकडे. राख वाढतेय, आणि रक्षापात्र कुठाय? तो उठला, आतून पितळेची वाटी घेऊन आला, बसला. वाटी उजवीकडे हवी म्हणून पुन्हा उठला. मग खुर्चीच्या पाठीमागे कुणीच उभं नाही, हे त्याला बरं दिसेना. तो तिसऱ्यांदा उठला.

"अरे, बस ना रे!" अनंतराव खेकसले. "माझ्या खुर्चीचं कापड फाडशील!"

बसला. पण पाठ काही टेकेना. अंगभर मुंग्या आल्यासारखं व्हायला लागलं. आता कुणीतरी मागून 'बेरर' म्हणून हाक मारील आणि आपण सापडू, असं सारखं वाटे. पहिल्या पंधरा मिनिटांत तो सात वेळा उठला. आणि सिगारची जात अशी की ओढणाऱ्याचं चित्त नसलं की तीही रुसते. तोंडावरचा लाल रंग काळवंडायला लागला. विझली की पुन्हा पेटवता येते, पण मग ती कडू होते, हे सहदेवपेक्षा जास्त कुणाला ठाऊक? त्याचं तोंड रडवेलं झालं. महिनाभराची तयारी, वीस वर्षांची सिगार, आणि आपल्याला धड बसताही येत नाही.

"आवो, विझतली ना ती!" शेवंती म्हणाली. तो आठव्यांदा उठला होता, या वेळी पडवीचा पडदा सारखा करायला. तिने त्याच्या हातातून सिगार घेतली आणि रिकाम्या खुर्चीत टेकून दोन झुरके मारले. ठसका नाही, काही नाही. तोंड पुन्हा लालबुंद झालं.

सहदेव वळला आणि बघतच राहिला. त्याचा डावा हात आपोआप पाठीशी गेला. तो दोन पावलं मागे सरकला. राख बोटभर झाली आणि अगदी त्या क्षणी पितळेची वाटी तिच्याखाली आली. अंगातल्या मुंग्या कुठच्या कुठे पळाल्या.

शेवंती ओशाळून उठायला लागली.

"बस," तो म्हणाला. "काय लागता?"

तिने डोळे मिटले, धूर जिभेवर घोळवला. "गोड लागता. काकवी कशी."

सहदेवच्या अंगावर काटा आला. मध म्हणत होते ते! दहा मिनिटांनी त्याने पुन्हा विचारलं, "आता?"

"आता जिबेच्या शेंड्याक मिरी."

"आणि आता?"

"पावसात भिजलेल्या लाकडाचो वास येता. थांबा, बोलू नकात."

थापा नव्हत्या तर! सत्तावीस वर्षं साहेब लोक खरं बोलत होते, आणि ते सहदेवला देवगडच्या बाईकडून, मालवणीत कळलं. त्याला इतका आनंद झाला की अनंतरावांनाही मिठी मारावी असं वाटलं, पण हातात वाटी होती.

"किती येळ चलतली ही?" शेवंतीने विचारलं.

"अजून अर्धो तास."

"म्हणजे अर्धो तास मी हयसर नुसता बसान ऱ्हवतलंय? हातान काय करू?"

"काय नाय करूचा."

तिने एक झुरका घेतला. मग म्हणाली, "लगीन झाल्यापासून माका असा कोणी सांगूक नाय."

तक्रार नव्हती ती. भाजी महाग झाली म्हणावं तशी ती म्हणाली. पण सव्वीस वर्षांत ही बाई भरदिवसा, हातात सूप नाही, निवडण नाही, सुई नाही, अशी बसलेली सहदेवने पाहिलीच नव्हती. साहेबांच्या राखेवर त्याची किती बारीक नजर होती! घरच्या माणसावर ती कधी पडलीच नाही, याची त्याला मनापासून लाज वाटली. त्याने वाटी फडक्याने पुसली आणि पुन्हा जागेवर उभा राहिला.

शेवंतीने पाय खुर्चीवर घेतले आणि पाठ टेकली.

पाटावर बसून अनंतरावांच्या कमरेचा काटा ढिला झाला होता. ते उठले. "झालं का रे तुमचं? चार वाजले. मला माझी खुर्ची हवी आता."

सहदेवने मान किंचित लववली आणि क्लबातला खालचा सूर लावला.

"सॉरी सर. मेंबर बसलेत. खुर्ची रिकामी झाली की कळवतो."