बादलीभर पाणी

आमच्या गल्लीतल्या धुरपताबाईले लोक भांडकुदळ म्हणतात. म्हणू द्या! वीस वर्षं नागभीडच्या बांधकामावर रेजा म्हणून डोक्यावर सिमेंटची घमेली वाह्यली तिनं. भिंत पाह्यली का कुठी वाकडी हाय ते सांगते, अन् तोंडावर सांगते. म्हणून लोकायले झोंबते.

तिची सून दिव्यानी सात महिन्यांची पोटुशी. घरी संडास नाई, म्हणून रोज पहाटं मागच्या नाल्यावर जाये. अन् नाल्याच्या रेतीत वाघाचे पंजे! सासू काठी घेऊन संग जाये. पण वाघापुढं काठी काय करन?

दिवाळीच्या आधी सरकारी योजनेतून ठेकेदारानं गल्लीत संडास बांधून देल्ले. टाइल, दार, निळा रंग, सगळं झकास. धुरपताबाईनं मागची जमीन लोखंडी सब्बलीनं ठोकून पाह्यली अन् बोंबललीच, "अवं, याले खड्डाच नाई! वरून कीर्तन, अंदरून तमाशा!"

मंग एक दिवस संडास तपासाले सरकारी साहेब आले.

"बाई, दारात उभ्या राहा. फोटो काढतो, संडास पास."

"पहिले बादलीभर पाणी टाकून पाहा."

"त्याची गरज नाई. फोटो पायजे."

"फोटोत कोन बसते जी?"

साहेब तापले. "फोटो नाई तं यादीतून नाव कटन. मंग बसा रडत."

"कटू द्या! एकदा पास लिहिलं का आमच्याकडं कुत्रं तरी पाह्यते का?"

अन् तिनं बादली उचलून भसकन ओतली. पाणी खाली गेलंच नाई. गुडगुडलं, वर चढलं अन् उंबऱ्यावरून साहेबाच्या बुटात शिरलं. आम्ही बाया पदर तोंडाले लावून हासलो. मले तं लई बरं वाटलं, खोटं कायले बोलू?

"उद्या ऑफिसात या," साहेब गुरकले.

"मी नाई येत. तुम्हीच या पहाटं पाचले. माह्या सुनेसंग नाल्यावर तुम्ही जा."

साहेबानं दारात उभ्या दिव्यानीच्या पोटाकडं पाह्यलं, मंग नाल्याकडं. कागदावर 'अपूर्ण' लिहिलं, सही केली अन् ओल्या बुटानं निघून गेले.

आठ दिवसांनी ठेकेदाराची माणसं खड्डा खोदाले आली. कमरेएवढं खोदलं अन् थांबली. धुरपताबाई लुगडं खोचून अंदर उतरली, हातानं माप घेतलं.

"अजून दोन हात."

"बाई, फोटोपुरतं झालं ना!"

"खोद मुकाट्यानं. फोटोले नाई, माह्या सुनेले जायचं हाय."