हातगुणाची कथा खोटी आहे

माझा मेहुणा काटोलचा. लग्नकार्यात चार माणसे जमली की तो सांगतो, "बाईले आमच्या काटोलच्या डॉक्टरच्या हातगुणानं बरं वाटलं. भाऊजीनं नागपुरात फुकटचा पैसा उडवला." बाई म्हणजे त्याची थोरली बहीण, माझी पत्नी. ही कथा साफ खोटी आहे. त्याच काळात ती माहेरी गेली असता त्या डॉक्टरांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या होत्या, एवढेच.

तिचे नैराश्य मला प्रथम जाणवले ते घरातल्या शांततेवरून. जन्मभर माझ्या प्रत्येक मताला तिचे उलट मत तयार असे. ती वादच घालेनाशी झाली. वरण खारट झाल्याची खोटी तक्रार मी मुद्दाम केली, तरी "बरं" म्हणून भिंतीकडे वळली. नागपूरच्या मानसोपचारतज्ज्ञांनी आधी एक औषध दिले, काही महिन्यांनी दुसरे. गुण आला नाही.

मग त्यांनी जनुकीय तपासणी सुचवली. गालाच्या आतून बोळा फिरवायचा. शरीर कोणते औषध किती वेगाने पचवते, ते त्यातून कळते. मेहुणा धावत आला. "जीनची तपासणी म्हंजे खानदानाची तपासणी, भाऊजी. आमच्यात कोणी येडं नाही. घरात पोरी लग्नाच्या हायेत."

"तुझं खानदान कोण तपासून राहिलं गा? तिचं औषध तपासून राहिले."

तपासणी महाग होती, हे मी नाकारत नाही. "मग पहिल्याच दिवशी का नाही सुचवलीत?" असे मी डॉक्टरांना खडसावून विचारले. ते म्हणाले, अनेकांना पहिल्याच गोळीने बरे वाटते. त्यांच्यासाठी हा खर्च व्यर्थ. दोन औषधे फसल्यावर तो सार्थकी लागण्याची शक्यता वाढते, खात्री मात्र नाही. हा हिशेब मला पटला. मेहुण्याला खिशातून गेलेलेच दिसते. त्याच्या सख्ख्या बहिणीचे भिंतीकडे तोंड करून गेलेले वर्ष त्याने कोणत्या खात्यात मांडले?

अहवालात आले की ती दोन्ही औषधे तिचे शरीर फार झपाट्याने संपवून टाकते. डॉक्टरांनी वेगळ्या वाटेने पचणारे औषध दिले. काही आठवड्यांनी मी पुन्हा वरणाला नावे ठेवली. तिने माझ्याकडे रोखून पाहिले. "वरण बरोबर हाये. तुमची जीभ बिघडली."

इतके गोड वाक्य मी त्याआधी ऐकले नव्हते.

परवा एका साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, मेहुण्याने पुन्हा हातगुण काढला. मी उभा राहून अहवालातला शब्द न् शब्द ऐकवला. पंगत थांबली. तेव्हा पत्नी म्हणाली, "तुम्ही दोघं काहून भांडून राहिले? तोंड कोरडं पडलं, झोप उडाली, ते मले. गोळ्या तं म्या खाल्ल्या."

मेहुण्याने वरणाची वाटी पुढे ओढली. मी खाली बसलो. तिचा मुद्दा मला मान्य आहे. हातगुणाचा अजूनही नाही.