तारेवरचे तीन दिवस

दस्तगीरचाचा गेल्याची बातमी मला गावच्या चौकातल्या फ्लेक्सवरून कळली. आठ दिवस गडहिंग्लजला मुलीकडे होतो, एसटीतून उतरलो तर समोर हा फलक. वर आमच्या नेत्यांचा हात जोडलेला भलामोठा फोटो, शेजारी चिरंजीव, खाली कार्यकर्त्यांची रांग आणि कोपऱ्यात पासपोर्टच्या आकाराचे चाचा. 'जलदूत हरपला!' मेलं कोण, हे कळायला मला अगदी जवळ जावं लागलं... मातीला मी नव्हतोच. आणि याच मंडळींनी जिवंतपणी चाचांना 'येडं म्हातारं' म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

चाचा मासेमारीची जाळी दुरुस्त करायचे. त्यांच्या घरामागे, आमच्या तळ्याच्या काठावर, दोन बाभळींमध्ये एक तार ताणलेली होती. परगावचं जाळं आलं की ते आधी मिठाच्या पाण्यात बुचकळायचं, मग तीन दिवस त्या तारेवर कडक उन्हात. तोवर चाचा सुईला हात लावत नसत. पंचगंगेत जलपर्णी माजलेली त्यांनी पाहिली होती. ती पाणी झाकते, खालचं पाणी कुजतं आणि मासे तोंड वर काढून मरतात. आमच्या तळ्यात मात्र तिचं एक पान नव्हतं, आणि त्या तळ्यातल्या मासळीवर दहा-बारा घरांच्या चुली पेटत होत्या. कुणी घाई केली की चाचा म्हणायचे, "मग दुसरीकडं जावा की पावणं! तुमच्या जाळ्यातनं एक कोंब आला तर माझं तळं जाईल. तुमचं काय जातंय?" मी शाळामास्तर, त्यांचा रोजचा चहाचा सोबती. नदीत पोहून आलो की माझी हवेची ट्यूबसुद्धा ते काढून घेत आणि तारेवर टांगत. वर विचारत, "गुरुजी, तुमास्नी बी टांगू काय?"

मग नेत्यांचा वाढदिवस आला. त्यानिमित्त तळ्याची स्वच्छता करायचं ठरलं. तळ्यात होतं काय? काठाला थोडं शेवाळ आणि चार पिशव्या प्लास्टिक. चार माणसांनी दोन दिवसांत काढलं असतं. पण फावडेवाल्या माणसाचा फोटो छापून येत नाही, यंत्राचा येतो. तेव्हा नदीवर जलपर्णी उपसणारं यंत्र ट्रेलरवर घालून थेट तळ्यावर आणलं. त्याला झेंडूचे हार होते, फुगे होते, आणि पट्ट्याच्या फटींतून जलपर्णीचे हिरवेगार कोंबही लोंबत होते. ते कुणालाच दिसले नाहीत. चाचा मात्र ट्रेलरपुढे उभे राहिले. "धुवा ह्येला. तीन दिस वाळवा, मग घाला पाण्यात."

नेते हसले. "चाचा, तीन दिसांनी माझा वाढदिवस ऱ्हातोय व्हय?" सगळे खदखदून हसले. अशा मंडळींना हसायला विनोद लागत नाही, साहेब लागतो.

सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. कुणीतरी खूण केली. मी माइक ठेवला, चाचांचा दंड धरला आणि त्यांना बाजूला नेलं. "जाऊ द्या चाचा, चारचौघांत शोभत नाही." ते एवढंच म्हणाले, "गुरुजी, तुमची ट्यूब मी तीन दिस सोडत न्हवतो... आन् ह्ये सोडू?" मी परत गेलो आणि 'स्वच्छतेचा महायज्ञ' असं छापील भाषण वाचून दाखवलं. त्या नेत्याची मला किळस येते, पण दंड धरणारा हात माझा होता.

पावसाळा सरेपर्यंत तळं हिरवं झालं, मग जांभळं. लोक फुलांपुढे सेल्फी काढायला येऊ लागले. मासळी गेली, जाळी टाकणारी पोरं हुपरीला चांदीच्या कामाला गेली. सुशोभीकरण समितीनं काठाला फरशी बसवली. जखम मांडीला, मलम शेंडीला! चाचा गुडघाभर पाण्यात उतरून हातानं जलपर्णी उपटत राहिले, शेवटच्या आठवड्यापर्यंत. मला त्यांनी कधी बोल लावला नाही, चहाही कधी चुकवला नाही. तो चहा मला कडू लागायचा.

गेल्या रविवारी शोकसभा झाली. मांडवात चाचांचा फोटो आणि शेजारी फुलदाणीत जांभळी फुलं, मुळांसकट. जलपर्णीची! मी विचारलं तर कार्यकर्ता कौतुकानं म्हणाला, "तळ्यातलीच हायत गुरुजी. चाचांची आठवण." नेते अर्धा तास बोलले आणि शेवटी त्यांनी जाहीर केलं, की ही फुलं चाचांच्या स्मरणार्थ माळावरच्या पाझर तलावात अर्पण करायची. पंचक्रोशीत तेवढंच एक स्वच्छ पाणी उरलंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या... शोकसभेत! मग मला बोलायला उभं केलं. मी माइक खाली ठेवला, फुलदाणी उचलली आणि मांडवातून बाहेर पडलो.

चाचांच्या घरामागची तार गंजली आहे, पण अजून ताठ आहे. फुलदाणीतलं पाणी मी फरशीवर ओतलं आणि एकेक दांडा मुळं वर करून तारेला बांधला. तेवढ्यात तो कार्यकर्ता धापा टाकत आला. "गुरुजी, साहेब थांबल्यात. फुलं कवा आणताय?"

"तीन दिस वाळू द्यात म्हणावं," मी म्हणालो आणि चाचांच्या पाटावर, तारेखाली बसलो.