पुडीवर नाव नसतं

लग्नाच्या पंगतीत वाढपी भात घेऊन आला की सॅम्पलकाका ताटावर आडवा हात धरायचे. "खालून देजो, बाप्पा." वरचा मोकळा, वाफाळता भात सोडून पातेल्याच्या तळाचा मागणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. अहिवाऱ्याच्या बाजारात टोमॅटोच्या ढिगात त्यांचा हात कोपरापर्यंत जायचा आणि भाजीवाली ओरडायची, "ए डोकरा, जम्मो ला उलट देबे का?" सगळं उलथून टाकणार का, म्हणून. काका तळाचा एक टोमॅटो काढून दाबून बघायचे. पटला तर दोन किलो, नाही तर तिलाच नमस्कार करून पुढे.

काका नंदिनीच्या खाणीत सॅम्पलर होते. भिलाईच्या भट्ट्यांना लागणारी चुनखडी आमच्याकडून जायची. वॅगन भरली की काका पिशवी आणि हातोडी घेऊन वर चढत, कोपऱ्यातून, मधून, हात जाईल तितक्या खोलातून दगड काढत. ते वर आहेत तोवर वॅगनीला लाल झेंडी लागलेली असे. सॅम्पल निघेपर्यंत तिनं जागचं हलायचं नाही. मग ते दगड कुटून त्याची पुडी व्हायची आणि लॅबमध्ये जायची. पुडीवर फक्त नंबर. माल कुठल्या ठेकेदाराचा, काही लिहायचं नाही. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "नाव पाहिलं का हात बदलते, बाबू. लॅबवालाही माणूसच असते."

आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून होती. दोन्ही घरं भंडाऱ्याकडून आलेली, दोन्हींच्या बैठकीत निळ्या कोटातला तोच फोटो. त्यामुळे बारावीनंतर मला दोन कॉलेजांत प्रवेश मिळाला आणि आठ दिवसांत एक सोडायचं ठरलं, तेव्हा बाबांनी मला सरळ शेजारी पाठवलं. एक कॉलेज भिलाईतलं. दुसरं दूरच्या मोठ्या शहरातलं, ज्याचं नाव काकांच्या नियमानुसार मी इथे लिहीत नाही. पुडी नंबर एक म्हणू.

मी खरं तर नंबर एक आधीच बघून आलो होतो आणि पक्कं करून टाकलं होतं. काकांना मी ऐटीत रिपोर्ट दिला: कॅन्टीन तीन मजली आहे, कॉफीवर फेसाचं पान काढून देतात, आणि पोरं चक्क गवतावर लोळून अभ्यास करतात. (ती झोपली होती, हे मला पुढे कधीतरी सुचलं.)

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "वरचे तीन दगड आणले तू, पोट्ट्या. चाल, मी येतो संग."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. तिथे उतरल्यावर काकांनी कॉलेजचं मोठं गेट लांबूनच पाहिलं आणि मागच्या फाटकाकडे वळले. मेसच्या मागे भांडी घासणाऱ्या बाईशी पाऊण तास बोलले. लायब्ररीत गेले तर तिथल्या शिपायानं त्यांना आपली खुर्ची दिली आणि दगडांवरचं एक जुनं पुस्तक शोधून समोर ठेवलं. काका खूश. मी मनातल्या मनात बॅग भरायला लागलो.

मग कॉलेजजवळ भाड्याची खोली बघायला गेलो. घर छान, बाई हसतमुख, खिडकीत जाईचा वेल. "नाव काय तुझं?"

"राहुल. आम्ही भिलाईचे."

"भिलाईचे, पण मूळचे?"

"नागपूरकडचे."

"हो, पण पूर्ण नाव?"

शाळेत वक्तृत्वाची तीन बक्षिसं मिळवलेला मी त्या क्षणी खोकलो. खोकला खरा वाटावा म्हणून आणखी एकदा खोकलो आणि पाणी मागितलं. तेवढ्यात काकांनी आधी स्वतःचं आणि मग माझं नाव आडनावासकट सांगितलं, हजेरीला सांगतात तसं, स्वच्छ.

"अग बाई!" बाईंनी कपाळावर हात मारला. "विसरलेच की. ही खोली पुतण्याला द्यायची आहे." हसू तसंच होतं. पाणीही दिलं. मांडणीवर स्टीलचे पेले चकचकत होते, आम्हाला कागदाचे आले.

जिन्यात मी म्हणालो, "काका, कावून सांगितलं? थोडं थांबलो असतो तर खोली मिळाली असती."

"मी तिचा सॅम्पल घेऊन राहिलो होतो," काका म्हणाले. "तू आपलाच देऊन राहिला होता."

परतीच्या गाडीत मी भिलाई येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो. मला बाईंचा राग यायला हवा होता. आला तो त्या खोकल्याचा.

आता राहिलं भिलाई. तिथे संगती यायला काकांनी साफ नकार दिला. "मी इथं सारी नोकरी केली. माह्या हात बदलन. तूच जा. तुले तरी कुठं भिलाई माहीत आहे? कपडे घ्यायले जातेस तेवढंच." खोटं नव्हतं. नंदिनीच्या आम्हा पोरांना भिलाई म्हणजे दिवाळीची खरेदी.

मी एकटा भिलाईतल्या कोहक्याला गेलो, खोली शोधत. या वेळी खोकायचं नाही, एवढंच घोकत होतो. पहिल्या घरात पूर्ण नाव सांगितलं. "भर गया." दुसऱ्या घरात 'खोली भाड्याने देणे' अशी पाटी लटकत होती तरीही "भर गया." तिसऱ्या दारात एक छत्तीसगढी आजी तांदूळ निवडत बसलेली. तिनं मान वर न करता विचारलं, "का नाव हे, बाबू?"

मी छाती भरून नाव, बापाचं नाव, आडनाव असं काही ठोकलं की समोरचा कुत्रा उठून गेला.

आजीनं सूप खाली ठेवलं. "अतेक जोर से काबर कहत हस? मैं भैरी नोहंव." मी बहिरी नाही रे, म्हणाली. मग मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "खाए हस के नहीं?"

मी काकांना जसंच्या तसं सांगितलं: तीन घरं, दोन नकार, एक थाळी. आणि विचारलं, मग चांगलं शहर कुठलं? काका हसले. "सिलिका कोणत्या दगडात नसते? आपल्याले नको असते, तरी असतेच. भट्टी चालन का नाई, एवढं पाहाचं. अन् ते सॅम्पलर नाई सांगत. मी पुडी भरून देली, माल घेणारा तू."

मी भिलाई घेतलं. बरोबर केलं का, ते आजही छातीठोक सांगता येत नाही. कॉलेज बेताचंच होतं, आणि त्या लायब्ररीतली ती खुर्ची अजून अधूनमधून आठवते. पण चार वर्षं मी आजीच्या घरात पूर्ण नावानिशी राहिलो, आणि खोकला पुन्हा झाला तो फक्त थंडीत.

काका रिटायर झाले, क्वार्टर सोडून भंडाऱ्याला निघाले. टेम्पोत सामान मी भरत होतो. "चांगलं सामान खाली ठेवजो," ते म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर खोखो हसले. नंतर दोन पावसाळ्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. त्या दिवशी जेवताना मी बायकोला म्हणालो, भात खालून वाढ. तिनं का ते विचारलं नाही.

आता कोहक्यातच माझं घर आहे आणि वरची खोली भाड्यानं द्यायची असते. गेल्या महिन्यात बालाघाटकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले, तिला इथल्या कॉलेजात घालायचं की नाही ते ठरवायला. मी मोठ्या रुबाबात पोलिसांचा भाडेकरूचा फॉर्म काढला, पेनाचं टोपण उघडलं. "हां, पूर्ण नाव?"

"प्रिया," मुलगी म्हणाली. मग जराशी थांबली. "आम्ही बालाघाटचे."

ती थांबली तेवढी जागा मला ओळखीची होती. तिथे मी पूर्वी दोन वेळा खोकलो होतो.

मी फॉर्मची घडी करून खिशात घातली. काहीतरी चांगलं बोलायचं होतं, घाबरलो आणि ओरडलोच, "जेवून आलात का?"

"पप्पा," मुलगी हळूच म्हणाली, "ये अंकल इतना ज़ोर से क्यों बोल रहे हैं?"

पप्पांचं लक्ष नव्हतं. ते मोरीपाशी वाकून खालचा नळ सोडून बघत होते, मग भिंतीच्या तळाशी ओल आहे का ते बोटानं चाचपायला लागले. बायको हाक मारत होती, पण मी दारातच उभा राहिलो. सॅम्पल निघत असताना वॅगननं हलायचं नसतं.