सवतीच्या नावाचं घर

परमुलखात मालमत्ता घ्यायची म्हटलं की लोक आगबोटीच्या आणि रंगूनच्या गोष्टी सांगतात. माझ्या सासऱ्यांनी परमुलखात घर घेतलं ते रस्ता ओलांडून. हसू नका. तेव्हाच्या देवासात एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन कचेऱ्या, दोन कायदे, आणि आमच्या दारासमोरचा रस्ता म्हणजे सरहद्द. आम्ही थोरल्या पातीचे. सासरे तिथल्या कचेरीत कारकून, माझे यजमानही तिथेच. दरबारची मर्जी कधी फिरेल त्याचा नेम नसतो, तेव्हा चार भिंती दुसऱ्या राज्यात असाव्यात, असं सासऱ्यांचं म्हणणं. घराच्या पुढच्या दोन खोल्या कन्नौदच्या एका धान्यवाल्याला भाड्याने दिल्या होत्या. मागचा भाग आमच्याकडे होता.

अडचण एकच होती. धाकट्या पातीत परक्या राज्याच्या माणसाच्या नावावर घर होत नसे. पण यजमानांची पहिली बायको धाकट्या पातीची लेक, त्याच गल्लीत वाढलेली. घर तिच्या नावाने घेतलं. सासरे स्वतःच्या या अकलेवर भलते खूश होते म्हणे. दोन वर्षांनी ती ओंकारेश्वराला दर्शनाला गेली आणि पटकीने तिथेच गेली. अग्नीही तिथेच दिला. मूलबाळ नाही, माहेरचं कुणी उरलेलं नाही. पलीकडे कळवलं असतं तर घर बेवारस म्हणून दरबारजमा झालं असतं. म्हणून सासऱ्यांनी कळवलंच नाही. अलीकडच्या राज्यात तिचे दिवस घातले, पलीकडच्या राज्यात ती जिवंतच राहिली.

मग मला आणली, धारहून. चौदा वर्षांची होते. दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात सवतीचा टाक घालतात, चांदीचा, म्हणजे मेलेली नव्या बायकोला त्रास देत नाही. माझ्याही गळ्यात घातला. पलीकडच्या घराबद्दल माझ्या वडिलांना कुणी चकार शब्द सांगितला नव्हता.

लग्नाला महिना झाला आणि सासऱ्यांनी मला समोर बसवलं. म्हणाले, "सूनबाई, रोज दुपारचं पलीकडे जायचं. चूल पेटवायची. घरातून धूर निघाला पाहिजे. पाहणीचा कारकून आला तर नाव विचारील. काय सांगशील?"

मी माझं नाव सांगितलं.

ते रागावले नाहीत. "ते इकडचं," म्हणाले. "पलीकडे तू ती."

निघताना सासूबाई माझ्या गळ्यातला टाक काढून देवघरात ठेवत. पलीकडे जी जिवंत आहे तिचा टाक कसा घालायचा? रस्ता मोजून वीस पावलांचा. ती वीस पावलं मी रोज देवाचं नाव घेत चालायची. भीती वाटायची, आणि त्याहून जास्त संताप यायचा. सांगणार कुणाला?

त्या गल्लीत तिला लहानपणापासून ओळखणारी एकच उरली होती. शेजारची म्हातारी, माळव्यातलीच, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पहिल्याच दिवशी तिने भिंतीपलीकडून विचारलं, "अई गी, बेटी?" आलीस का? मी नुसतं हं म्हटलं. तेवढ्यावर म्हातारी रडायला लागली. मग रोज येऊन बसायची आणि मला माझ्या लहानपणीच्या गोष्टी सांगायची. माझ्या कसल्या, तिच्या. ऐकून ऐकून मला त्या पाठ झाल्या. कुठल्या चिंचेवरून पडले, कुठल्या दांडग्या मुलीशी भांडले. कधी कधी धारची माझी खरी मैत्रीण आठवायला बसले तर तीच भांडखोर मुलगी डोळ्यांपुढे यायची.

भाद्रपदात अविधवा नवमी आली. आमच्या घरी तिच्या नावाने सवाष्ण जेवायला बसली, आणि वाढलं मी. सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता. तशीच पलीकडे गेले. म्हातारीने माझा हात हातात घेतला, चाचपला आणि हसून म्हणाली, "आज तो पेट भर्यो लागे, बेटी." आज पोट भरलेलं दिसतंय. खरी गोष्ट अशी की मला भूक नव्हतीच.

पलीकडच्या माडीवरून आमची गच्ची दिसायची. एका दुपारी सहज पाहिलं तर गच्चीत एक बाई पाठमोरी बसून केस वाळवत होती. अंगावर माझं पोपटी लुगडं. मी धावत घरी आले. गच्चीत कुणी नाही, लुगडं दोरीवर. म्हटलं, वाऱ्याने हललं असेल, आपलेच डोळे फितूर. तेवढ्यात सासूबाई डुलकीतून उठल्या आणि म्हणाल्या, "अगं, न्हाऊन वर बसली होतीस ना मघाशी? वेणी घालायला खाली ये म्हणून केव्हाची हाक मारतेय." मी वेणी घालायला बसले. बोलून काय करायचं होतं?

तिसऱ्या वर्षी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण धारला माहेरी व्हायचं. सासऱ्यांनी वडिलांना परस्पर कळवलं की बैलगाडीचे धक्के सोसवणार नाहीत. खरं कारण मला यजमानांकडून कळलं. मूल पलीकडच्या घरात जन्माला यायचं, पलीकडच्या कचेरीत तिचं म्हणून लागायचं. म्हणजे घराला वारस मिळाला, कायमची ददात मिटली.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. आजवर नाव दिलं, दुपार दिली, लुगडंसुद्धा दिलं म्हणा. पोटचं लेकरू देणार नव्हते. यजमानांना म्हटलं, "घर चुलीत घाला. माझं मूल माझ्या नावाने लागू दे, दुसरं काही मागत नाही." ते वाईट माणूस नव्हते हो. पण वडिलांपुढे उभं राहायची ताकद नव्हती. खाली बघून म्हणाले, "बघू."

मुलगी झाली. पलीकडच्या घराच्या मागच्या खोलीत. बाराव्या दिवशी सकाळी धाकट्या पातीचा कारकून ओसरीवर येऊन बसला. यजमान दाराशी उभे, म्हातारी साक्षीला, आणि मी उंबऱ्याच्या आत, लेक मांडीवर. सासरे आलेच नाहीत, धूर्त मेले!

कारकुनाने बापाचं नाव लिहून घेतलं. मग विचारलं, "आईचं?"

मी आतूनच माझं नाव सांगितलं. मोठ्याने. म्हटलं, "तुमच्या कागदावर आहे ती मेली. ओंकारेश्वरी मेली, चार वर्षं झाली. मी दुसरी. धारची. ही माझी लेक आहे, तसं लिहा."

कारकुनाचा बोरू थांबला. इतकं हलकं मला लग्नापासून वाटलं नव्हतं. गेलं ते घर एकदाचं, म्हटलं.

म्हातारी बसल्या जागेवरून हसली. म्हणाली, "बावळी हुई गी. म्हारी गोद में खेली या छोरी." वेडावली आहे, माझ्या मांडीवर खेळलीय ही पोर. कारकुनानेही मान डोलावली. बाळंतिणीला वारं लागलंय, डोक्यात गेलंय, असं काहीसं पुटपुटला. मग यजमानांकडे वळला. "भिया, तुम्हीच सांगा. ही कोण?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. एकच शब्द हवा होता. यजमान उंबऱ्यापर्यंत आले, वाकले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. तीन वर्षांत त्यांनी मला कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती. अगं म्हणायचे, तेही खाली बघून. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघत तिचं नाव घेतलं.

खोटं बोलताना त्यांचा आवाज कसा होतो ते मला ठाऊक होतं. हा तसा नव्हता. कारकुनाला ते विसरून गेले होते. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी पुन्हा एकदा ते नाव घेतलं, हळू, फार दिवसांनी घरी आलेल्या माणसाला हाक मारावी तसं.

तितक्या मायेने मला कुणी कधीच हाक मारली नव्हती. मी ओ दिली.